पठाड्यांच्या जावयाची भूक

बद्रीनाथ पठाडे यांना इंग्रजी येत नव्हतं, असं कुणी म्हणेल तर त्याची जीभ झडेल. उभी हयात पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस. कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचो न पोचो, त्याबद्दलचं पत्र मुंबईपर्यंत पोचायचं, आणि तेही अशा इंग्रजीत की वाचणाऱ्यानं खुर्चीतून उठून उभं राहावं. 'विथ रेफरन्स टु द अबव्ह सब्जेक्ट' असं एकदा लिहिलं की बद्रीनाथांचं पेन शाई संपल्याशिवाय थांबत नसे. अडचण एवढीच होती की त्यांना याखेरीज दुसरं इंग्रजी येत नव्हतं, आणि आता जावई इंग्रज मिळाला होता.

जावयाचं नाव कॉलिन. बद्रीनाथांची एकुलती एक लेक तनुजा शिकायला म्हणून लीड्सला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि मागच्या वर्षी तिथंच लग्न करून मोकळी झाली. बद्रीनाथांनी आणि मंजुषाबाईंनी लग्न सिडकोतल्या घरी बसून मोबाइलवर पाहिलं. अक्षताही मोबाइलवरच टाकल्या. त्यातला एक दाणा चार्जिंगच्या भोकात जाऊन बसला, तो अजून निघालेला नाही. मुलगा चांगला होता. उंच, लाजरा, जरा काही विचारलं की कानापर्यंत लाल होणारा. बद्रीनाथांना तो पहिल्या दिवसापासून मनापासून आवडला होता, पण ते त्याच्यापर्यंत पोचवायचं कसं हे त्यांना कळत नव्हतं.

दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. बद्रीनाथ घसा साफ करून म्हणत, "आय ट्रस्ट धिस फाइंड्स यू इन गुड हेल्थ. हॅव यू टेकन युवर मील्स?" पलीकडे कॉलिन ताठ बसून म्हणे, "येस सर, थँक यू सर." त्यानंतर दोघंही एकमेकांच्या घरातलं छत बघत बसत. शेवटी एक दिवस तनुजाचा वेगळा फोन आला.

"बाबा, तुम्ही त्याच्याशी नोटीस बजावल्यासारखं बोलता हो. तुमचा फोन यायच्या आधी तो शर्ट बदलून बसतो."

बद्रीनाथ त्या दिवशी चहा अर्धा टाकून उठले.

त्यात यंदा अधिक महिना आला. आपल्याकडं ह्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, ओवाळायचं आणि पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे. मंजुषाबाईंनी फोनवर आवतण दिलं. तनुजानं कॉलिनला भाषांतर करून सांगितलं, की आईला तुला दगड खाऊ घालायचेत. तो म्हणे क्षणभर विचारात पडला आणि मग 'ओके' म्हणाला. यावरून पोरगा किती गुणी होता ते समजून घ्यावं.

तिकिटं निघाली आणि बद्रीनाथांची झोप उडाली. जावयाचं काय होतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते स्वतः लासूर स्टेशनचे जावई. लग्नानंतर कितीतरी वर्षं सासरी गेले की बाहेरच्या खोलीत बाजेवर बसून राहायचे. चहा कपबशीत यायचा, जेवण पाटावर व्हायचं, पाणी मागायचीसुद्धा लाज. मग एका दुपारी सगळे निजलेले असताना भूक आवरेना म्हणून ते गुपचूप सैपाकघरात गेले, फडताळ उघडलं आणि उभ्याउभ्या शेंगदाणे-गूळ खाल्ला. सासूबाई भागूबाईंनी दारातून पाहिलं. बोलल्या काही नाहीत. पण संध्याकाळचा चहा कपबशीऐवजी घरच्यांसारखा स्टीलच्या पेल्यात आला, आणि बद्रीनाथ त्या दिवशी त्या घराचे झाले.

कॉलिनला तेवढी वर्षं मिळणार नव्हती. आठवडाभराची सुट्टी, आणि मग पुन्हा लीड्स. गेल्यावर तो कायमचा 'येस सर' म्हणत राहणार आणि त्याच्या मागं मागं तनुजाही पाहुणी होऊन जाणार, ही भीती बद्रीनाथांच्या पोटात घर करून बसली होती. त्यांनी ती मंजुषाबाईंना सांगितली नाही, कारण ती मंजुषाबाईंच्याही पोटात होती.

उपाय त्यांना अचानक सापडला. तनुजाशी बोलता बोलता मागून कॉलिनचा आवाज आला. हा आवाज वेगळाच होता, सैल, आळसावलेला. "तनू, आयॅम स्टार्व्हिंग! एनी नॉश?" बद्रीनाथ चमकले. हे इंग्रजी त्यांच्या पाहण्यात नव्हतं. ह्या इंग्रजीत शर्ट बदलावा लागत नव्हता. हेच शिकायचं, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं.

पहिल्यांदा ते औरंगपुऱ्यातल्या एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासात गेले. क्लासचे चालक राजेंद्र सर. त्यांना बद्रीनाथांनी सांगितलं, की खाण्यापिण्याचं घरगुती इंग्रजी पाहिजे, पोरंसोरं बोलतात तसलं.

"काका, ते चुकीचं इंग्रजी हाय," राजेंद्र सर म्हणाले. "आमच्याकडं बरोबर शिकवतेत."

"बरोबरचं मला येतंय हो सर. मला चुकीचं पाहिजे."

"चुकीच्याची आपल्याकडं बॅच नाय."

शेवटी मुलाखतीच्या बॅचमध्ये जागा मिळाली. तिथं विशीतल्या पोरांमध्ये बसून बद्रीनाथांना प्रश्न आला, की पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं पाहता? ते उठून म्हणाले, "विथ ग्रँडचिल्ड्रन, इफ सँक्शन्ड." बॅचनं टाळ्या वाजवल्या, पण नॉशचा पत्ता काही लागला नाही.

मग ते एका ग्रंथालयात गेले. बोलीभाषेतल्या इंग्रजी शब्दांचा जाडजूड कोश तिथल्या कपाटात काचेतून स्वच्छ दिसत होता. पण तो संदर्भ विभागाचा, म्हणून बाहेर देता येत नव्हता. तिथंच बसून वाचावा म्हटलं, तर किल्ली ज्यांच्याकडं होती ते जनगणनेच्या कामावर गेलेले. अर्ज केला. कारण विचारलं, तेव्हा खोटं कशाला बोला म्हणून त्यांनी 'जावई' असं सांगितलं. अर्ज परत आला. वर शेरा होता, 'प्रस्तुत कारण नियमात बसत नाही, सबब विचार करता येत नाही.' बद्रीनाथांनी तो शेरा पुन्हा वाचला. अपमान झालाच होता, पण वाक्य मात्र सुरेख होतं. नोकरीत असताना आपणही असंच लिहिलं असतं, हे त्यांना मान्य करावं लागलं.

अखेर शेजारी धावून आले. शेजारी म्हणजे गयासभाई, पाटबंधारे खात्यातच बद्रीनाथांच्या समोरच्या टेबलावर बसून निवृत्त झालेले.

"अरे बद्रीभाई, इतने दिन से कायकू दर-दर भटक रहे?" गयासभाई म्हणाले. "अपना याह्या हाय ना! मेरा मावसभाऊ. दौलताबादला गाइड. जिंदगीभर गोरे लोगांको किल्ला चढाया उनो. चलो, आत्ताच जाऊ."

याह्या किल्ल्याच्या पायथ्याशी सरबताच्या गाड्याजवळ खुर्ची टाकून बसले होते. डोक्यावर हॅट, गळ्यात कुण्या काळच्या ओळखपत्राची फीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले.

"देखो साब, गोरे लोगां दो तरह का इंग्लिश बोलते. एक टेबल पे बैठ के, और एक फ्रिज के सामने खडे रह के. बैठनेवाली तुमको आती. खडेवाली मैं सिखाता."

उभ्यानं खाणाऱ्याची भाषा! लासूर स्टेशनच्या फडताळासमोरची तीच ती दुपार बद्रीनाथांना आठवली. योग्य गुरू भेटला, याची त्यांना खात्री पटली.

शिकवणी सुरू झाली. ग्रब म्हणजे जेवण. नॉश म्हणजेही जेवण. चाऊ म्हणजेही जेवण, तो शब्द याह्यांना एका म्हाताऱ्या अमेरिकन फौजीनं दिला होता. टकर हा एका ऑस्ट्रेलियन बाईकडून मिळालेला. ब्रेकी म्हणजे न्याहारी, सार्नी म्हणजे दोन पावांत काहीतरी. पेकिश म्हणजे दिसायला थोडी पण खरं तर बरीच लागलेली भूक. जेवायला बसवायचं तर 'टक इन' आणि जोर करायचा तर 'गेट इट डाउन यू'. एका देशात एकत्र न नांदणारे हे शब्द दौलताबादच्या पायथ्याशी सुखानं एकत्र नांदत होते, आणि बद्रीनाथ ते जसेच्या तसे उचलत होते.

सकाळी बोटॅनिकल गार्डनला चक्कर मारताना ते घोकायचे. "ग्रब, नॉश, चाऊ. ग्रब, नॉश, चाऊ." फिरायला येणाऱ्या मंडळींत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, हे श्वासाचं नवीन काहीतरी आहे. दुसऱ्याचं म्हणणं, पठाड्यांना ऊन लागलंय. एक दिवस त्यांनी घरी येऊन आवेशात जाहीर केलं, की "आय कुड ईट अ हॉर्स." मंजुषाबाईंनी अर्थ विचारला. त्यांनी भोळेपणानं सांगितला. मंजुषाबाईंचं माहेर माळकरी, त्यांनी ताट उचललं, ओटा पुसला आणि म्हणाल्या, "अवो, निदान अधिक महिन्यात तरी तोंड आवरा."

कॉलनीचे सल्ले वेगळेच होते. कुणी म्हणालं, ते लोक पावाशिवाय काही खात नाहीत. कुणी म्हणालं, काटेचमचे मांडा. कुणी म्हणालं, येसर आमटीत तिखट कमी करा. मंजुषाबाईंनी एकदा कमी करून पाहिलं, चव घेतली, आणि असली आमटी जावयाच्या पुढं ठेवण्यापेक्षा त्याला रडवलेलं बरं, असं म्हणून तिखट पुन्हा होतं तेवढं केलं.

आणि मंडळी आली. चिकलठाण्याच्या विमानतळावर कॉलिन वाकून दोघांच्याही पाया पडला. बद्रीनाथांनी आयुष्यभर लक्षात राहील असं काहीतरी घरगुती बोलायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "युवर अरायव्हल इज ड्युली नोटेड." घरी आल्यावर ते म्हणाले, "प्लीज बी सीटेड." तो आधीच बसलेला होता. तो उठला आणि पुन्हा बसला.

पहिले दोन दिवस तसेच गेले. कॉलिन बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या कडेवर बसायचा. चहा ठेवणीतल्या कपबशीत यायचा. पाणी हवं असलं की तो तनुजाकडं बघायचा, तनुजा आईकडं बघायची आणि पाणी ट्रेमधून यायचं. बद्रीनाथांच्या जिभेवर ग्रब होता, नॉश होता, सगळे रांग लावून उभे होते, पण पहिला कुणी निघेना.

तिसऱ्या दिवशी धोंड्याचं जेवण. सकाळपासून पुरणाचा वास जिन्यात उतरला होता. जावयाला नवे कपडे दिले, टोपी घातली, पाटावर बसवलं. त्याचे गुडघे कानांना लागले. शेजारी तनुजा जरीची साडी नेसून बसली. ओवाळणं झालं. केळीच्या पानावर धोंडे, आमरस, भजी, कुरडया, वाटीत आमटी, आणि वरून तुपाची धार. कॉलिन हात जोडून वाट बघत बसला. आणि बद्रीनाथांनी डोळे घट्ट मिटून आरोळी ठोकली.

"टक इन!"

कॉलिननं मान वर केली. एक क्षण त्याला खरं वाटेना. मग तो हसला. कसनुसं, अदबीनं हसला नाही, तर चांगला खदाखदा हसला. टोपी मागं घसरली. "चिअर्स!" म्हणाला आणि अख्खा धोंडा तोंडात टाकला. तनुजा वडिलांकडं बघतच राहिली, आणि तिच्या डोळ्यांत जे आलं ते आमटीच्या तिखटामुळं नव्हतं.

त्या हसण्यानं घात केला. बद्रीनाथांना वाटलं, बांध फुटला, आता पाणी थांबवायचं नाही.

कॉलिनला तनुजानं विमानात दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पानात काही टाकायचं नाही, आईला वाईट वाटतं. आणि पोट भरलं की 'पुरे' म्हणायचं. त्यानं दोन्ही तंतोतंत पाळल्या. पान चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि अगदी शुद्ध उच्चारात म्हणाला, "पुरे."

आता मराठवाड्यात पंगतीला बसलेल्या माणसानं पुरे म्हटलं, तर वाढणारा त्याचा अर्थ 'वाढा' असाच धरतो. पहिलं पुरे लाजेचं असतं, दुसरं रीतीचं, आणि तिसरं तर लोक कौतुकानं ऐकतात. खरोखर पोट भरलेला माणूस तोंडानं बोलत नाही. तो पानावर आडवा पडतो, दोन्ही हात पसरून पान झाकतो, वाढणाऱ्याचा हात धरतो. हे मात्र कॉलिनला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्याचं पान तर रिकामं! रिकामं पान म्हणजे मंजुषाबाईंच्या अब्रूचा प्रश्न.

"बघा, किती छान बोलायलेत जावाई," असं म्हणत त्यांनी धोंडे वाढले.

"गेट इट डाउन यू!" बद्रीनाथ ओरडले.

कॉलिननं खाल्लं. "पुरे."

"लाजू नका. घ्या, घ्या."

"ग्रब! नॉश! टकर!" बद्रीनाथ आता थांबायला तयार नव्हते.

कॉलिननं तेही खाल्लं. "पुरे," तो जरा बारीक आवाजात म्हणाला.

"आई, बास कर," तनुजा म्हणाली. पण नवऱ्याच्या वतीनं बायकोनं बास म्हणणं ही तर पंगतीतली जुनी शोभा. तिनं त्याच्या पानावर हात धरला, मंजुषाबाईंनी तिच्या बोटांच्या बाजूनं वाढलं. कॉलिन लाल झाला, मग पांढरा झाला. बद्रीनाथ डोकं खाजवत होते. आता थांबायचं का, हे विचारावं कसं? याह्यांनी त्यांना खाण्याचे एवढे शब्द दिले होते, पण पोट भरल्याचा एकही दिला नव्हता. किल्ला उतरून आलेल्या माणसाच्या तोंडून याह्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता. म्हणून बद्रीनाथांनी जे येत होतं तेच पुन्हा म्हटलं. "टक इन."

किती धोंडे झाले, हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही. परात रिकामी झाली होती, एवढं खरं. कॉलिन उठायला गेला आणि पाटासकट आडवा झाला.

गयासभाईंची सून आफरीन डॉक्टर. ती भिंतीपलीकडून धावत आली. तिनं पोट तपासलं, गोळ्या दिल्या आणि सगळ्यांना खोलीबाहेर काढलं.

"घबराने का काम नहीं अंकल. पण आता दोन-तीन दिवस त्यांना कुणी काही खा म्हणायचं नाही. ताक, भाताची पेज, बस. भूक लागली की ते स्वतः सांगतील."

"अन् नाही सांगितली तर?" मंजुषाबाईंनी विचारलं.

"तर नाही," आफरीन म्हणाली. ह्या घरात असलं वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं.

बाहेरच्या खोलीत तनुजा जरीच्या साडीतच खाली बसली होती. "बाबा, तो पुरे म्हणत होता हो. किती वेळा म्हणाला."

"अगं, पण पुरे तर सगळेच म्हणतात."

"त्याला काय माहीत, बाबा? त्यानं खरंच म्हटलं होतं."

त्या पोरानं परक्या भाषेतला एक शब्द कष्टानं शिकून, नीट जपून त्यांच्यासाठी आणला होता. आणि आपण आपले शब्द ऐकवण्याच्या नादात तो एकदाही ऐकला नाही. बद्रीनाथांना फार वाईट वाटलं. ते आत गेले. कॉलिन कुशीवर पडून कण्हत होता. बद्रीनाथांनी वाटीत हिंग कालवला, तनुजा तान्ही असताना लावायचे तसा त्याच्या बेंबीभोवती लावला आणि हलक्या हातानं पोट चोळत बसले. इंग्रजी एकही आठवेना. "झोप बाळा, झोप," ते म्हणाले. "थांबतंय बघ आता." कॉलिनला एक अक्षर कळलं नाही, पण थोड्या वेळानं त्याचं कण्हणं थांबलं आणि त्याचा हात बद्रीनाथांच्या मनगटावर तसाच राहिला.

त्यानंतर घर चिडीचूप झालं. काय वाढू, अजून घ्या, एवढंसं तरी घ्या, ही ह्या घराची रोजची वाक्यं बंद पडली, तेव्हा लक्षात आलं की बाकी बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं. मंजुषाबाई पेजेची वाटी ठेवायच्या आणि तोंडावर पदर धरून मागं फिरायच्या, न जाणो 'अजून घ्या' निसटायचं. बद्रीनाथ इंग्रजी बोलेनात. गयासभाई विचारायला आले तर त्यांना म्हणाले, "माझं चुकलंच गयासभाई. मला वाटलं, शब्द आले की झालं."

"होता है," गयासभाई म्हणाले आणि त्यांच्याजवळ बराच वेळ बसून राहिले.

निघायच्या आदल्या दुपारी सगळे कुलर लावून निजले होते. बद्रीनाथांना झोप नव्हती. उद्या हा जाणार, आणि आपल्या घराची आठवण म्हणून पोटदुखी घेऊन जाणार, हा विचार त्यांना सोडत नव्हता. तेवढ्यात सैपाकघरातून डब्याचं झाकण वाजलं. ते पाय न वाजवता उठले आणि दारापाशी गेले.

कॉलिन फ्रिजसमोर उभा होता. टी-शर्ट चुरगळलेला, पाय अनवाणी. भाकरीचा डबा त्यानं काखेत धरला होता आणि सकाळच्या शिळ्या भाकरीत शेंगदाण्याची चटणी भरून तो उभ्याउभ्या खात होता. तिखटानं नाक वाहत होतं. ते त्यानं बाहीला पुसलं आणि दुसऱ्या हातानं पुन्हा डबा चाचपला. कुणी वाढलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. पोराला भूक लागली होती आणि तो खात होता.

ग्रब, नॉश, चाऊ, टकर, पेकिश, सगळे शब्द एकदम बद्रीनाथांच्या ओठांवर आले. इतके दिवस ज्या जागेसाठी ते घोकले होते, ती हीच जागा होती. त्यांनी ते सगळे गिळले आणि आल्या पावली परत फिरले.

मंजुषाबाई अंथरुणात उठून बसल्या होत्या. "सैपाकघरात काय वाजलं वो? मांजर शिरलं काय?"

"नाय. झोप तू."

"मग कोन हाय?"

"घरचंच हाय कुणीतरी," बद्रीनाथ म्हणाले.

मंजुषाबाईंनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग पुन्हा आडव्या झाल्या आणि झाकण दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा पांघरूण डोक्यावरून घेतलं.

चार वाजता त्यांनी चहा टाकला. सवयीनं ठेवणीतली कपबशी फळीवरून काढली, ओट्यावर ठेवली, आणि जरा थांबल्या. मग ती उचलून पुन्हा फळीवर ठेवली आणि स्टीलचा आणखी एक पेला धुवून घेतला.